काचेवरचा हत्ती

मित्रांनो, मी एक जुनी काच आहे. खिडकीची नव्हे, आरशाचीही नव्हे. तळहाताएवढी, एका अंगाने गुळगुळीत आणि दुसऱ्या अंगावर पातळ साय धरलेली. त्या काळी फोटो अशाच काचेवर निघत. चित्र मात्र उलटं उमटे: ऊन काळंकुट्ट, सावली पारदर्शक.

शंभराहून अधिक वर्षांपूर्वी मुंबईच्या राणीच्या बागेत शामकांत नावाचे फोटोग्राफर तिपाईवर कॅमेरा मांडून उभे राहत. काय धीर होता त्या माणसाचा! हत्तीला "हलू नकोस" म्हटलं म्हणून का तो ऐकतो? कान हलवी, सोंड हलवी; काळ्या कापडाखाली शामकांत घामाघूम होऊन वाट बघत.

एका उतरत्या दुपारी हत्तीपुढे बरीच मंडळी जमली. कॅमेरा दिसताच सगळे ताठ झाले. नऊवारीतली एक बाई मात्र मुलीचं मनगट घट्ट धरून उभी होती.

"बाई, इकडे बघा की!" शामकांत ओरडले.

"तुम्ही फोटो काढा. मी पोरीकडे बघते."

तेवढ्यात हत्ती क्षणभर थबकला आणि शामकांतांनी मला उजेड दाखवला. त्यांची स्वतःची लांब सावलीही खालच्या कोपऱ्यात आली. जगाचे फोटो काढणाऱ्या या माणसाचा फोटो कुणीच काढला नाही. त्यांची तेवढी एक सावली माझ्यापाशी राहिली.

माझ्यावरून कितीतरी फोटो छापले गेले, वाखाणले गेले. मग ते फोटो विरले आणि मी कागदी पाकिटात पडून राहिले. शेवटी शामकांतांचा पणतू रुचिर मला सिंगापूरला घेऊन आला. तो तुआसच्या गोदीत इंजिनिअर आहे. बुकित पंजांगच्या फ्लॅटमध्ये मला कपाटाचा खण मिळाला. इथल्या दमट हवेत पाकिटाला कुबट वास यायला लागला.

यंदा खंडेनवमीला पाटावर पूजेसाठी रुचिरचे नट आवळायचे पाने आणि त्याची बायको मैत्रेयी हिचा लॅपटॉप मांडला होता.

"पणजोबांचं हत्यारही ठेवू," म्हणत रुचिरने मला बाहेर काढलं.

मैत्रेयी दचकली. "बघ किती काळी झालीये! बुरशी असणार. गार्गीला लगेच शिंका सुरू होतील. आधी धुऊन काढते, मगच पूजेला."

"काचच आहे, धू की."

मुलीच्या काळजीने ती ओलं फडकं घेऊन माझ्या सर्वांत काळ्या भागावर तुटून पडली. तिला ती काजळी वाटली. ते माझं आकाश होतं. साय फुगली, सुटली आणि फडक्याला लागली. फडकं खाली सरकू लागलं.

"आई, स्टॉप लाह!" सात वर्षांची गार्गी सिंगापुरी ढंगात किंचाळली. "आत एलिफंट आहे!"

मैत्रेयीचा हात थांबला. रुचिरने लॅपटॉपचा पांढरा पडदा माझ्यामागे धरला आणि फोनवर रंग उलटे केले. हत्ती उभा राहिला. माणसं उभी राहिली. मुलीला धरून उभी असलेली ती बाईही दिसली. मैत्रेयी तिच्याकडे बघतच राहिली.

"खाली सावली बघ," रुचिर हळूच म्हणाला. "पणजोबा! आमच्या घरात त्यांचा एकही फोटो नाही गं."

फडकं सावलीपासून जेमतेम दोन बोटांवर थांबलं होतं.

मैत्रेयीचे डोळे भरले. "मी काळजीपोटीच करत होते रे."

"काळजी तुझी होती, चौकशी करायची मात्र दोघांचीही राहिली. मीच म्हणालो ना, धू की!"

मग त्यांनी मला न पुसता, उभी ठेवून वाऱ्यावर वाळू दिलं. हळदकुंकू मला न लावता, मला ठेवायला काढलेल्या नव्या कोरड्या डब्याच्या झाकणाला लावलं.

मित्रांनो, मैत्रेयीवर माझा राग नाही. लेकरासाठी इतकं जागरूक असणं मला थोरच वाटतं. पण तुमच्या घरात काळवंडलेली जुनी काच निघाली, तर पाण्याआधी तिला उजेडापुढे धरा. माझं थोडं ऊन कायमचं पुसलं गेलं, सावली तेवढी वाचली. आता गार्गी पाहुण्यांना मला दाखवते, सावलीवर बोट ठेवल्यासारखं करते, पण टेकवत नाही, आणि म्हणते, "हे माझे खापरपणजोबा."

शामकांतांची ओळख कुणी करून देईल, असं मला कधी वाटलं नव्हतं.