वाग्नरचे वाघमारे झाले तेव्हा

मित्रांनो, मला हात नाहीत, पाय नाहीत, रंग नाही की वजन नाही. तरीही मी जुना आहे, तुमच्या पणजोबांच्या पणजोबांहूनही जुना. मी एक आडनाव आहे. वाग्नर. कुणी मला उच्चारले की मी तिथे हजर असतो. कुणी उच्चारेनासे झाले की माझा जीव कासावीस होतो.

माझा जन्म जर्मन मुलखातला, सात-आठशे वर्षांपूर्वीचा. तेव्हा एकेका गावात एकाच नावाची चार-चार माणसे असत. हाक एकाला मारावी आणि ओ चौघांनी द्यावी! मग लोक कामावरून माणूस ओळखू लागले. हा गिरणीवाला, तो लोहार, आणि पलीकडचा गाड्या बनवणारा. जर्मन भाषेत गाडीला 'वागन' म्हणतात. ती घडवणारा तो वाग्नर. लाकूड तासावे, चाकात आरे ठोकावेत, आस बसवावा, हे त्याचे काम. बाप गेला की मुलाने तेच काम उचलावे आणि मलाही उचलावे. पुढे एका नातवाने गाड्या सोडून पाव भाजायला घेतले. तरी लोक त्याला वाग्नरच म्हणत राहिले. त्या दिवसापासून मी धंद्याचा उरलो नाही, घराण्याचा झालो.

पण गाडीवाल्याचे नाव ते, एका जागी कसे बसणार? उत्तरेकडे गेलो तर मला वेगनर म्हणू लागले. शेतीसाठी जमीन शोधणाऱ्या कुटुंबांबरोबर मी हंगेरीत गेलो, रशियात व्होल्गा नदीच्या काठी गेलो. जहाजात बसून अमेरिकेला गेलो, तिथे वॅगनर झालो. ब्राझीलमध्ये तर लोकांनी मला थेट पाळण्यात घातले. तिथे कित्येकांचे पहिले नावच वाग्नर असते. दर मुक्कामाला माझा एखादा कोपरा झिजला, एखादा नवा फुटला. मला त्याचे कौतुक होते आणि धास्तीही होती. आपण बदलत बदलत इतके बदललो की आपलाच माणूस आपल्याला सापडला नाही, तर?

ती वेळ माझ्यावर शारजामध्ये आली.

डीटर वाग्नर हे माझे एक धनी. तरुणपणी ते अबुधाबीला इमारतींच्या कामावर आले आणि आखातातच राहिले. त्यांच्या हाताखाली महाराष्ट्रातले पुष्कळ कामगार होते. त्यांच्या जिभेला मी काही केल्या पेलवेना. वाग्नरचे वाघनर झाले आणि चार दिवसांत 'वाघमारे साहेब'! कुणीतरी डीटरना त्याचा अर्थ सांगितला, तेव्हा ते पोट धरून हसले. तेव्हापासून कामाला उशीर झाला की ते डरकाळी फोडून माणसे गोळा करायचे. मी मात्र कुढत बसलो. गाड्या घडवणारा मी. वाघाशी माझा काय संबंध?

त्या कामगारांत शिराळ्याकडचा किसन होता. पुढे साहेब निवृत्त झाले. त्यांची बायको वारली, मुलगी लेना जर्मनीत नोकरीला लागली, आणि ते शारजात अल नहदाच्या एका टॉवरमध्ये एकटे राहू लागले. योगायोगाने किसनची नवी साइट त्याच भागात निघाली. सकाळी साहेब चालायला बाहेर पडत, तेव्हा किसन इमारतीच्या परांचीवरून ओरडे, "वाघमारे साहेब, सलाम!" खालून डरकाळी येई.

एका सकाळी डरकाळी आली नाही. साहेब फुटपाथच्या कडेला अडखळले आणि डोक्यावर आपटले. किसन धडपडत खाली आला.

"साहेब! आवो साहेब, डोळं उघडा की!"

साहेबांच्या अंगावर चालायचे कपडे तेवढे होते. पाकीट घरी, फोन घरी. अँब्युलन्स आली. फोरमन मागून ओरडत होता, "किसन, काम कौन करेगा?" पण किसन आत चढून बसला होता.

इस्पितळात स्ट्रेचर थेट आत गेले. बाहेर नोंदणीच्या काउंटरवर मुनिबा नावाची नर्स होती. तिने पेशंटला पाहिलेही नव्हते.

"पेशंट का नाम?"

"वाघमारे साब."

"इंडियन?"

किसनला वाटले, ही आपल्याबद्दल विचारते आहे. "हां, इंडियन," तो म्हणाला.

मित्रांनो, तिथे मी किती तडफडलो! नाव चुकले, देश चुकला. मी त्या खोलीतच होतो, पण मला ओरडता येत नव्हते. आडनावाला स्वतःचा आवाज नसतो. थोड्या वेळाने आतून डॉक्टर घाईघाईने आले.

"डोक्यात रक्तस्राव आहे. ऑपरेशन करावं लागेल. रोजच्या गोळ्या कोणत्या? ब्लड थिनर, म्हणजे रक्त पातळ करणारी गोळी, घेतात का? घरचं कुणी आहे?"

मुनिबाने हिंदीत विचारले. "मालूम नहीं," किसन म्हणाला. वर्षानुवर्षे सलाम केला, पण साहेबांच्या घराचा नंबरही त्याला ठाऊक नव्हता. तो भिंतीला टेकून खाली बसला.

तिकडे लेना बापाला फोन लावून थकली होती. शेवटी तिने शेजारच्या अनुराधाला फोन केला. अनुराधा पुण्याची, नवरा प्रकाश अबुधाबीला बँकेत, मुलगी ईशानी शाळकरी, त्या दिवशी सुट्टी म्हणून घरीच. अनुराधाने दार वाजवले, तर आत फोन वाजताना ऐकू आला. वॉचमन खैरुद्दीन म्हणाला, "साब सुबह निकले, वापस नहीं आए." ती एकेका इस्पितळाला फोन लावू लागली आणि मी तिच्या तोंडून धावत सुटलो. वाग्नर? नाही. वॅगनर? नाही. ईशानी शेजारी रडवेली होऊन उभी होती.

"आई, व्हॉट इफ ही इज हर्ट?"

"थांब गं, बघते ना मी! इन्शाल्ला सापडतील," अनुराधा म्हणाली. तेवढ्यात पलीकडून मुनिबा बोलली.

"मॅम, वाग्नर तो कोई नहीं है. आप मराठी हैं क्या? एक वाघमारे आए हैं. बहुत सीरियस हैं. साथवाला आदमी भी मराठी है. उनके घरवालों को आप जानती हैं?"

"नाही हो," असे म्हणून अनुराधाने फोन ठेवला. माझा धीर खचला. माझ्याच दारापर्यंत येऊन ती परत फिरली होती!

तिने पुढचा नंबर काढला, पण लावला नाही.

"कुणीतरी आपला माणूस आहे गं, ईशानी. परक्या देशात, मागेपुढे कुणी नाही."

"बट वाग्नर अंकल?"

"गाडीत बसून फोन करत राहू. जवळच आहे ते हॉस्पिटल. चल, यल्ला!"

अशी ती एका अनोळखी वाघमाऱ्याला भेटायला निघाली. मुनिबा तिला आत घेऊन गेली. पडदा सरकला. पांढरी दाढी, रक्ताने माखलेला गोरा चेहरा. अनुराधाने ईशानीचा हात घट्ट धरला.

"अरे देवा! हे तर वाग्नर अंकल!"

मग मात्र तिने वेळ दवडला नाही. ब्लड थिनर? होय, साहेब घेत होते. मागच्याच आठवड्यात तिने स्वतः फार्मसीतून ती गोळी आणून दिली होती. तिने नाव सांगितले. डॉक्टरांनी तिथूनच ओरडून रक्त गोठवणारे औषध मागवले आणि मग ऑपरेशनला हात घातला. अनुराधाने लेनाला फोन जोडून दिला. किसन बाहेर उभा राहून रडत होता.

"माझ्यामुळं झालं, ताई. मी नाव चुकीचं सांगितलं."

"तुम्ही आणलंत म्हणून ते इथे पोचले, दादा," अनुराधा म्हणाली. "आणि वाघमारे ऐकलं नसतं, तर मी आलेच नसते."

मी हे ऐकले. ज्या रूपाची मला लाज वाटत होती, त्यानेच तिला माझ्या माणसाच्या उशाशी आणून बसवले होते.

साहेब वाचले. बोलायला लागले तेव्हा लेना उशाशी होती आणि किसन दाराशी.

"साब, तुमचं खरं नाव शिकवा," तो म्हणाला.

"वा-ग्नर."

"वाग... नर. वाग्नर."

साहेब हसले. मग त्यांचा चेहरा एकदम ओशाळला. मोडक्या हिंदीत त्यांनी विचारले, "किसन, और तुम्हारा पूरा नाम?"

इतक्या वर्षांत हे त्याला तिथे कुणी विचारलेच नव्हते. किसनने घसा साफ केला. नकळत तो ताठ उभा राहिला.

"किसन ज्ञानू खराडे."

"का-राडे?"

"खराडे, साब. ख."

साहेबांनी पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा चुकले. किसनने पुन्हा सांगितले. ते आडनाव कामावर इतकी वर्षे माझ्याशेजारीच उभे होते, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता!

मित्रांनो, आमची झीज होते याचे आता मला दुःख नाही. जीभ वळेल तसे म्हणा, आम्ही चालवून घेऊ. एवढेच करा: जो माणूस रोज तुम्हाला सलाम करतो, जो तुमची इमारत बांधतो, तुमच्या दाराशी उभा असतो, त्याला एकदा थांबून पूर्ण नाव विचारा. आणि त्याने सांगितले, की त्याच्यादेखत एकदा म्हणून बघा.