केसरीनाथचा ठेका

"अरं थांब! गानं कवाच संपलंय."

पार्वतीआक्काने त्याच्या गुडघ्यावर थाप मारली तेव्हा कुठे केसरीनाथची बोटं ढोलकीवर थांबली. त्याने मान वर केली. शेडमधली पंधराएक माणसं त्याच्याकडे बघत होती. आक्का मांडी मोडून बसली होती, तिने पाण्याचा तांब्याही हातात घेतला होता. म्हणजे बराच वेळ तो एकटाच वाजवत होता.

"रंगात आलो होतो," तो हसून म्हणाला.

कोणी हसलं नाही. शमीमने पदर सारखा केला आणि दुसरीकडे पाहिलं.

कामतघरच्या मुनीरशेठच्या यंत्रमागाच्या कारखान्यात केसरीनाथ तरे अठ्ठावीस वर्षं फिटर होता. चोवीस लूम, दोन शिफ्ट. आठवडाभर त्या शेडमध्ये शेजारी उभ्या माणसाचं बोलणं ऐकू येत नसे. शुक्रवारी सुट्टी असे आणि मग एवढी शांतता पसरे, की छपरावर चालणाऱ्या कबुतरांचे पायही ऐकू यावेत. त्या शांततेत, दुपारच्या नमाजनंतर, गेली पाच वर्षं ही बैठक भरत होती.

सुरुवात आक्कापासून झाली. पार्वतीआक्का म्हणजे गावची धवलारीण. लग्नातल्या प्रत्येक विधीचं गाणं तिच्या तोंडी. तिने धवला म्हटल्याशिवाय गावात हळद लागत नसे. पण २००१ साली केसरीनाथच्या पुतणीच्या लग्नात आक्का पहाटेच नऊवारी नेसून मांडवात आली, तर तिथे स्पीकरच्या भिंती रचलेल्या. कोणीतरी म्हणालं, "आक्का, तू बस गं. जेऊन जा." ती बसली, जेवली आणि निघाली. केसरीनाथ तिच्या मागोमाग रिक्षाच्या थांब्यापर्यंत धावत गेला. जे मनात आलं ते बोलला, "आक्का, शुक्रवारी आमच्या कारखान्यात ये. तिथं गा. मी वाजवतो."

मुनीरशेठकडे परवानगी मागितली तेव्हा शेठ म्हणाला, "सुताला हात लावायचा नाही, जाताना झाडून घ्यायचं." आणि लगेच पुढे, "माझ्या बहिणीला घेऊन येऊ का? अम्मीची सगळी लग्नाची गाणी तिला येतात. आता विचारतो कोण?" अशी शमीम आली, मुलगी सनाला सोबत घेऊन. मग आजमगढचा तनवीर आला. तो त्याच शेडमध्ये लूम चालवायचा. तीन शुक्रवार नुसता दाराशी उभा राहिला आणि चौथ्या शुक्रवारी आत येऊन बिरहा, म्हणजे त्याच्या मुलखातली लोकगीतं, गायला लागला. त्यानंतर मानकोलीहून, काल्हेरहून माणसं यायला लागली. कोणाला भाषा कळो न कळो, केसरीनाथचा ठेका सगळ्यांना कळत होता.

आणि आता पाच वर्षांनी त्यांनी ठरवलं होतं, की आपल्याला कोणी बोलवत नाही, तर आपणच लोकांना बोलवू. शाळेचं पटांगण मिळालं होतं. दोन आठवड्यांनी रविवारी कार्यक्रम होता.

त्या शुक्रवारनंतर केसरीनाथ कोणाला न सांगता कानाच्या डॉक्टरकडे गेला. डॉक्टरने दोन्ही कान तपासले, मोठ्याने विचारलं, "अठ्ठावीस वर्षं लूमवर? मग एवढे टिकले हेच खूप." मशीन लावलं तर समोरच्याचं बोलणं समजेल, पण गेलं ते परत येणार नाही, असंही सांगितलं. केसरीनाथला नवल याचं वाटलं, की आपल्याला कळलं कसं नाही? मग लक्षात आलं. कारखान्यात सगळेच ओठ बघून बोलायचे. ओठ बघणं म्हणजेच ऐकणं, असं तो कधीपासून धरून चालला होता.

पुढच्या शुक्रवारी तो आक्काच्या अगदी समोर बसला. तिचे ओठ, तिचा हलणारा गुडघा यावर नजर ठेवून त्याने तीन गाणी निभावली. मग तनवीर उभा राहिला. तनवीर गाताना एक हात कानावर ठेवी आणि डोळे घट्ट मिटून घेई. तोंड छपराकडे. केसरीनाथला धरायला काहीच उरलं नाही. तनवीर थांबला, तेव्हाही ढोलकी भलतीकडेच चालली होती.

"गलती मेरी थी, चाचा," तनवीर घाईघाईने म्हणाला. "मैं ही भटक गया."

तनवीर कधी भटकत नसे. केसरीनाथने ढोलकी बाजूला ठेवली, आणि सनाला म्हणाला, "तू टेप करत असतेस ना? सगळ्या कॅसेट दे मला. जुन्या पण."

दुसऱ्या दिवशी शिफ्टला जाण्याआधी त्याने टेपरेकॉर्डर उशीवर ठेवला, आवाज पूर्ण वाढवला आणि कान स्पीकरला चिकटवला. बायको पार्वतीआक्काच्या नात्यातलीच. ती दारात येऊन काहीतरी म्हणाली आणि त्याचा चेहरा बघून परत गेली. आवाज बारीक, दूरवरून आल्यासारखा येत होता, पण येत होता. हातातल्या घड्याळावर त्याने वेळ लावली. लूमचा वेग नुसता हात लावून सांगणारा माणूस तो. तीन वर्षांपूर्वीचं आक्काचं हळदीचं गाणं चार मिनिटांत संपलं होतं. तेच गाणं, तेवढीच कडवी, गेल्या महिन्यात पावणेसहा मिनिटं चाललं होतं. त्याने पुन्हा ऐकलं. ओळ संपत होती आणि आक्का शेवटचा स्वर धरून ठेवत होती. धरून ठेवत होती, धरून ठेवत होती, आणि मग ढोलकीची थाप पडली, की पुढची ओळ उचलत होती. शमीमच्या गाण्यात तेच. तनवीरच्याही.

सगळे त्याच्यासाठी थांबत होते.

तो तडक आक्काच्या घरी गेला. ती अंगणात बोंबील वाळत घालत होती.

"कधीपासून, आक्का?"

कशाबद्दल विचारतोय, हे तिने विचारलं नाही. त्याच्याकडे तोंड करून, शब्द सुटे करून म्हणाली, "दोन वर्सां झाली असतील."

"मला सांगितलं का न्हाय?"

"काय सांगायचं? मी त्या दिवशी गाणं सोडून घरी निंगाले व्हते. तू माज्या मागं धावलास. मंग आमी जरा तुज्यासाटी थांबलो तर काय बिगडलं?"

केसरीनाथ ओट्यावर बसला. मग म्हणाला, "आक्का, हळदीचं गाणं हाय ते. नवरीची हळद सुकून जाईल, एवढा वेळ लावतेस तू."

आक्का हसली आणि हसता हसता तिचे डोळे भरले. तिने पदराने तोंड पुसलं. "मंग कोन वाजवंल?"

त्याचं उत्तर त्याने वाटेत ठरवलं होतं. संध्याकाळी तो मुनीरशेठच्या घरी गेला; शमीम भावाकडेच राहत होती. शमीम तिच्या जमातीच्या बायकांत ढोलक वाजवते, हे त्याला ठाऊक होतं. बैठकीत मात्र तिने कधी ढोलकला हात लावला नव्हता. रविवारी माझ्या जागी तू वाजव, असं तो तिला म्हणाला.

"नाही, केसरीभाई," शमीम म्हणाली. "गाणं वेगळं. ते मी गाईन, पदर घेऊन, सनाच्या शेजारी बसून. पण ढोलक घेऊन पटांगणात? सगळे रिश्तेदार येणार. आणि तुमची जागा मी घेऊ? मला नाही जमणार."

"जागा मी सोडलीय. रिकामी ठेवायची का?"

मुनीरशेठ इतका वेळ हिशेबाची वही चाळल्यासारखं करत होता. वर न बघता तो म्हणाला, "अम्मी आत वाजवायची, तेव्हा अब्बा बाहेर ओट्यावर बसून ऐकायचे. त्यांचे दोस्तही असायचे. कोणी उठून गेल्याचं मला आठवत नाही."

शमीमने भावाकडे पाहिलं. मग केसरीनाथकडे वळून, तिचे ओठ त्याला नीट दिसतील अशी, म्हणाली, "पण तुमचा ठेका नाही वाजवणार मी. माझा वाजवेन."

"तोच पाहिजे," केसरीनाथ म्हणाला. तिथून निघाल्यावर मात्र तो सरळ घरी गेला नाही. वऱ्हाळा तलावाच्या काठावर बसून राहिला. मांडीवर बोटं आपोआप चालत होती. त्याने ती थांबवली नाहीत.

रविवारी पटांगणात दोनशे खुर्च्या मांडल्या होत्या. साडेपाचला त्या भरल्या आणि माणसं कुंपणाच्या भिंतीवर जाऊन बसली. लूमवाले होते, गावचे आगरी होते, बुरख्यातल्या बायका होत्या. ज्या पुतणीच्या लग्नातून आक्का उठून गेली होती, ती पुतणीही मुलांना घेऊन आली होती. केसरीनाथने माईक हातात घेऊन एकेकाचं नाव सांगितलं, गाव सांगितलं. मग खाली उतरून पहिल्या रांगेत बसला. कानाला मशीन लावलं होतं, पण त्यातून सगळा कल्लोळच ऐकू येत होता. त्याने ते काढून खिशात टाकलं.

शमीमने पदर कपाळावर ओढला आणि ढोलक मांडीखाली घेतला. पहिली थाप मारताना तिचे डोळे मिटलेले होते. दुसऱ्या कडव्याला ते उघडले. आक्का गात होती. ओळ संपली, की पुढची ओळ लगेच उचलत होती. तिने एकदाही मागे वळून पाहिलं नाही. केसरीनाथ ते बघत राहिला. आपल्यावाचून गाणं चाललं याचं वाईट वाटलं आणि त्याच वेळी त्याला इतकं बरं वाटलं, की शेजारच्या अनोळखी माणसाच्या खांद्यावर त्याने हात टाकला. तनवीरच्या बिरह्याला भिंतीवरची पोरं उभी राहिली.

कार्यक्रम संपला. खुर्च्या गोळा करताना एक काटकुळी म्हातारी त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. हातात पिशवी, पायात रबरी चपला. तिचे ओठ हलत होते, पण तोंडात दात नव्हते, त्यामुळे तिचं बोलणं त्याला धरता येईना. इतके दिवस तो अशा वेळी मान डोलवून मोकळा होत असे.

"आजी, जोरानं बोल," तो म्हणाला. "मना ऐकू येत न्हाय."

आजूबाजूच्या चारदोन जणांनी वळून पाहिलं. त्याने पाहू दिलं.

म्हातारी मोठ्याने म्हणाली, "मी सीताबाय. वज्रेश्वरीच्या पल्याडची. भातलावनीची गानी हायत माज्याकरं, शेतातली. कोनी शिकलं न्हाय. तुमी घ्याल का मना?"

"एस्टी किती वाजता हाय तुझी?"

"साडेआठची."

"मग वेळ हाय." केसरीनाथने तिच्यासाठी खुर्ची उघडली. पण सीताबाई बसली नाही. पिशवी खुर्चीवर ठेवली, टाचा उंचावल्या, एका हाताने त्याचा खांदा धरला आणि त्याच्या कानाशी तोंड नेऊन गायला लागली. केसरीनाथ खाली वाकला, तिला उंच व्हायला लागू नये म्हणून आणखी थोडा वाकला आणि तसाच उभा राहिला.