बाळादादाचा माड, नितेशची सुट्टी

हातखंब्याला पंक्चरचं दुकान टाकल्यापासून नितेशने स्वतःच्या घरातली दुपार पाहिली नव्हती. गणपतीतसुद्धा आरती संपली की गिऱ्हाइकाचा फोन. त्यामुळे समुद्रात वादळ उठलंय, कुणी घराबाहेर पडू नये, असा कलेक्टरांचा हुकूम आला तेव्हा गावाच्या तोंडचं पाणी पळालं आणि नितेशला मात्र सुट्टी लागली.

तो उशिरा उठला. अंघोळ टाळली. बायको मृणालीने कांदाभजी तळायला घेतली, छोटी लेक सानवी त्याच्या पोटावर बसून घोडा-घोडा खेळली, आणि घरात दिवसाढवळ्या मुलगा दिसतोय म्हणून आई गोदूबाईने त्याला तीनदा चहा विचारला. वादळाला एवढा मान त्या गावात आणखी कोणी दिला नसेल.

दगडी कुंपणाच्या गडग्यापलीकडे चुलतभाऊ बाळाचं घर. बाळाच्या परड्यातला एक माड गडगा ओलांडून नितेशच्या कौलांवर पार ओणवा झालेला. मूळ बाळाचं आणि पडतील ते नारळ नितेशचे, ही वाटणी कुणी केली नव्हती आणि कुणी मोडलीही नव्हती. मृणालीच्या कालवणाला विकतचा नारळ ठाऊक नव्हता.

त्या सकाळी बाळाने गडग्यावरून मान काढली.

"नितेश, माडावर चढणारा निलेश आलाय दोर-कोयता घेऊन. माड वरून तुकड्या-तुकड्याने उतरवूया काय? वारा लागल्यावर कोण चढायचा नाय."

"आज कशाला दादा? सुट्टी आहे. माड वाकतो, मोडत नाही. भजी खातोस?"

"तुझ्या घरावर आहे म्हणून विचारतो. माझ्या घरावर असता तर विचारत बसलो नसतो."

"राहू दे रे. माझ्यावर सोड."

बाळाने भजी खाल्ली, थोडी बायको योगिनीसाठी कागदात बांधून घेतली आणि निलेशला परत पाठवलं. घरात कुणाला यातलं काही कळलं नाही. नितेशनेही सांगितलं नाही.

जेवणं होईतो वारा जमिनीकडून वाहत होता. मोठा होता, पण माडाला बाळाच्या बाजूला ओढत होता. "बघ, मालकाकडेच निघालाय," नितेश म्हणाला. वीज गेली, फोनची रेंज गेली, तरी तो पत्त्यांचा डाव मांडून बसला.

मग वारा थांबला. पान हलेना. गोदूबाई पत्ते हातात तसेच धरून कान देऊन बसली.

"फिरला," ती म्हणाली.

समुद्राकडून आधी वाऱ्याचा आवाजच आला. वाऱ्याने तिरपी झालेली पावसाची वावझड कौलांखालून आत घुसली, चूल भिजली, देव्हाऱ्यातली समई आडवी झाली. आणि वर माड. एवढी वर्षं फुकट पडलेले नारळ आता कौलं फोडून आत येऊ लागले. एक माजघरात, एक थेट पत्त्यांवर. प्रत्येक झोताबरोबर भिंतीपलीकडे काहीतरी करकरायचं.

"बाबा, माड दात खातोय," सानवी म्हणाली.

"कुठल्या खोलीत बसायचं ते सांग," गोदूबाई म्हणाली. "कर्ता तू."

नितेशने घर डोळ्यांनी मोजलं. माजघर माडाखाली. ओटी त्याच्या शेंड्याखाली. मागची पडवी पत्र्याची, तो पत्रा केव्हाच उडालेला. उरलं बाळाचं स्लॅबचं घर. तिथे गेलं की सकाळचं बोलणं निघणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं, आणि पोर कुशीत थरथरत असताना तो त्याचाही हिशेब करत उभा राहिला. तेवढ्यात वाशाचा तुकडा मृणालीच्या पायाशी पडला.

"चला," तो म्हणाला.

मृणालीने सानवीच्या डोक्यावर भाताचा टोप पालथा घातला. नितेशने तिला उचललं, गोदूबाईने त्याचा सदरा मागून धरला. अंगण ते केवढं, पण कुणाचातरी पत्रा डोक्यावरून सुसाटत गेला तेव्हा चौघंही चिखलात पालथी झाली. गडग्यावरून बाळाने एकेकाला ओढून घेतलं.

योगिनीने दार लावलं आणि कोरडी लुगडी काढता काढता सहज म्हणाली, "सकाळीच उतरवला असता तर ही वेळ आली नसती. ह्यांनी विचारलं होतं ना."

"कुणाला?" मृणाली म्हणाली.

बाळाने घाईघाईने पंचा पुढे केला. "आधी पोरीला पूस."

"अहो, तुम्हाला विचारलं होतं?"

"हो."

"मग?"

"नको म्हटलं."

मृणालीने सानवीला पंच्यात गुंडाळलं आणि त्याच्याकडे पाठ करून बसली. तिने आदळआपट केली असती तर बरं, असं नितेशला वाटलं.

संध्याकाळी वारा उतरला. दोघे भाऊ बाहेर आले. माड पडला नव्हता. बुंध्याशी माती उचकटून हात जाईल एवढी फट पडली होती, आणि शेंडा आता कौलांना टेकायला आला होता.

"दादा, निलेशला बोलव. उतरवूया."

"मूळ सुटलेल्या माडावर? वैऱ्यालाही चढ म्हणायचा नाय मी."

"मग?"

"मग काय. पडेल तेव्हा पडेल. तोवर राहा इथंच. सुट्टीच आहे तुला."

"निदान आईचं औषध आणतो."

"आत पाऊल टाकायचं नाही," मृणाली मागून म्हणाली.

तो गडग्याशी उभा राहिला. समोर स्वतःचं घर, दार सताड उघडं. एवढीशी झुळूक आली, झावळ्या हलल्या, आणि नितेशने दोन्ही हातांनी डोकं झाकलं. मागे कोणी हसलं नाही.