दगडावरची जागा

“ओबेड, उद्यापासून तुझ्या दगडावर अ‍ॅसाहेल बसेल,” मुकादम पीझ म्हणाला. “तुझं पाणी आटलं आता.”

खोकल्याने ओबेड थ्रॉलला उत्तर द्यायला उसंतच दिली नाही. कनेटिकट नदीकाठच्या त्या कारखान्यात, पाणचक्कीवर गरगरणाऱ्या दगडाला बंदुकीच्या नळ्या घासून घासून त्याच्या छातीत दगडाचीच भुकटी साठली होती. त्याच्याआधी त्या जागी बसलेल्या तिघांपैकी एकानेही चाळिशी पाहिली नव्हती.

अ‍ॅसाहेल त्याचा धाकटा भाऊ. आई गेल्यावर ओबेडनेच वाढवलेला. नुकतंच लग्न झालेलं, त्यामुळे घासणीच्या चढ्या मजुरीवर डोळा. ओबेडने समजावलं, तर हसला होता. “दादा, तू बसलास ते चाललं, मी बसलो की लगेच मरतो होय?”

“त्याला नका बसवू,” ओबेड मुकादमाला म्हणाला.

“का?”

नळ्या ठोकणाऱ्या लोहारांचे हात थांबले. अ‍ॅसाहेलही तिथेच उभा होता.

“सकाळपासून ढोसतो तो. हात थरथरतात. नळी वेडीवाकडी टेकली, तर दगड फुटेल.”

दगड फुटला की उडालेल्या तुकड्यांनी माणसाचं काय होतं, ते तिथल्या प्रत्येकाने पाहिलं होतं. पीझचा चेहरा कठोर झाला. “मग या कारखान्यात त्याला जागाच नाही. चल, नीघ.”

“दादा, मी थेंबाला तरी शिवतो का? सांग ना यांना!”

ओबेडने त्याच्याकडे पाठ केली आणि पुढची नळी दगडाला लावली.

बेवड्या म्हणून नाव झाल्यावर गावात कोण काम देणार? पुढच्याच आठवड्यात अ‍ॅसाहेलने गाडीत सामान भरलं आणि बायकोला घेऊन तो दूर पश्चिमेला, ओहायोला निघाला. भावाच्या दारावरून गाडी गेली, पण थांबली नाही.

“अजून पुलापर्यंतच गेले असतील,” ओबेडची बायको थँकफुल म्हणाली. “जा, खरं काय ते सांगून टाका. असं तोंड फिरवून जाऊ देऊ नका त्याला.”

“खरं कळलं तर परत येईल गं तो.”

ती दाराच्या चौकटीला टेकून रडत राहिली. ओबेड कामावर गेला.

दगडापाशी नवा माणूस आलेला होता. डोंगरातल्या कुठल्याशा शेतावरचा, रुंद छातीचा, गालांवर लाली. पीझ म्हणाला, “याला शिकव, मग तू मोकळा.”

ओबेडने आपल्या नाकातोंडावरचं फडकं सोडलं, झटकलं आणि त्याच्या तोंडावर घट्ट बांधलं.

“गुदमरतंय हो,” फडक्याआडून तो हसत म्हणाला.

“राहू दे,” ओबेड म्हणाला आणि त्याने पहिली नळी त्याच्या हातात दिली.