अकोल्याचा सत्कार

शकुनचं लग्न झालं ते साल एकोणीसशे अडतीस. शकुन म्हणजे माझा धाकटा भाऊ गोवर्धन याची एकुलती लेक. अमरावतीला बडनेऱ्याच्या रस्त्यावर आमचा मळा होता. झेंडू, शेवंती, निशिगंध आणि कडेनं वांगी-मेथी. मार्गशीर्षात लग्न झालं तेव्हा मळा फुलांनी भरला होता, तरी शकुनचा हार शेजारच्या पुंजारामच्या मळ्यातून आला. आमच्याकडे तसंच असतं. ज्याच्या गळ्यात हार पडायचा, त्याच्या घरच्या हातांनी तो गुंफायचा नाही. घरच्या माणसासाठी घरात गुंफला जातो तो एकच हार, तिरडीवरचा. हे आमच्यात पोरासोरांनाही ठाऊक असतं, म्हणून कुणी बोलून दाखवत नाही.

लग्नाचा मांडव उतरतो न उतरतो तोच अकोल्याहून चिंतामण वकिलांचं पत्र आलं. हे वकील नाटकं लिहीत. वऱ्हाडातल्या लेखकांना एका जागी बोलावून त्यांचा सत्कार करायचा आणि प्रत्येकानं आपलं काहीतरी वाचून दाखवायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. गोवर्धनच्या दोन गोष्टी नागपूरच्या मासिकात छापून आल्या होत्या, त्यामुळे त्याचंही नाव त्यात होतं. पत्राच्या शेवटी एक ओळ होती: येताना सत्कारासाठी आपल्या मळ्यातील हारही आणावेत.

पत्र मीच वाचलं. माझी चाळिशी उलटल्यावर गोवर्धननं मला, थोरल्या बहिणीला, अक्षरं शिकवली होती, आणि घरात आलेला कागद आधी माझ्या हातात द्यायची त्याची रीत होती.

"वकिलाले सांगितलं का कोणी, येताना दोन अशिलं घेऊन ये म्हणून?" मी म्हटलं.

"बाई, फुलं आपल्या घरी हायेत. त्याईनं विकत काहून आणावी?"

"तुले लेखक म्हणून बोलावलं का माळी म्हणून?"

"दोन्ही हावो ना मी." तो हसला.

त्याला एकाच गोष्टीची ओढ होती. आमची आई मैनाबाई हिच्यावर त्यानं नवी गोष्ट लिहिली होती. बाप गेल्यावर बाजारातली आमची बसायची जागा लोकांनी बळकावली आणि आईनं टोपलं डोक्यावर घेऊन, दिवसभर तिथं उभं राहून ती परत मिळवली, ती गोष्ट. छापून आलेलं कोण कुठे वाचतं ते दिसत नाही. त्याला ती माणसांसमोर वाचायची होती, त्यांचे चेहरे बघत. त्याला धाप लागायची, म्हणून तो पहाटे विहिरीच्या काठावर बसून मोठ्यानं वाचायची सवय करायचा. कुठं थांबायचं, कुठं श्वास घ्यायचा, ते त्यानं ठरवून ठेवलं होतं.

हार आम्ही दोघांनी गुंफले. एकेका लेखकाचं नाव घेऊन तो हार बाजूला ठेवायचा. शेवटचा झाला तेव्हा मी म्हटलं, "तुह्या हाराचं काय?"

"माहा ते आणतीन."

"त्याईले ठाऊक हाये का?"

"लग्नाकार्यात बसणारे लोक हायेत, बाई. एवढं कोणाले ठाऊक नसते?"

ओल्या धोतरात हार गुंडाळून, टोपली मांडीवर घेऊन आम्ही गेलो. बडनेऱ्याला गाडी बदलली. अकोल्याच्या नाटकगृहाच्या दारावर एका माणसानं टोपली बघितली आणि म्हणाला, "हारवाले मागून." गोवर्धन मुकाट्यानं मागच्या दारानं गेला. मी पुढच्याच दारानं गेले आणि बायकांच्या बाजूला बसले.

मंचावर खुर्च्या मांडल्या होत्या, मधली अध्यक्षांची. गोवर्धन शेवटच्या खुर्चीवर बसला. चिंतामण वकील एकेकाची ओळख करून देत. मूर्तिजापूरचे कमलाकांत आधी शाळामास्तर होते, आता मुंबईत बोलपटांसाठी लिहितात. सरोजिनीबाई अकोल्याच्या मुलींच्या शाळेत मुख्य बाई, बायकांच्या मासिकात लेख लिहितात. धामणगावचे रामराव कापसाची दलाली करतात आणि कविता करतात. मी मनातून खूश होत होते. कोणी कशावर पोट भरतं, कोणी कशावर, आणि सगळी आपल्याच मातीतली. ओळख झाली की हार, हार झाला की वाचन. रामरावांची कविता लांबली, लोक खोकू लागले, तरी कोणी त्यांना थांबवलं नाही.

मग हारांचं तबक रिकामं झालं. चिंतामण वकिलांनी तबकाकडे पाहिलं, गोवर्धनकडे पाहिलं, आणि म्हणाले, "हे अमरावतीचे गोवर्धन. आज आपल्या गळ्यात जी फुलं आहेत ती यांच्या मळ्यातली. सर्वांसाठी हार आणले, स्वतःसाठी मात्र आणला नाही. विनय म्हणतात तो हा. त्यांनी सेवेतच आपला सत्कार मानला आहे. आता अध्यक्षांनी दोन शब्द बोलावेत."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. गोवर्धनच्या हातात त्याचे कागद होते. तो अर्धा उठला होता, तो तसाच खाली बसला.

मी उभी राहिले. "वकीलसाहेब, एक लेखक राहून गेला."

माना वळल्या. वकील हसून म्हणाले, "बाई, त्यांनीच स्वतःला धरलं नाही. आम्ही काय करावं?"

लोक हसले.

"आमच्या घरात आपला हार आपण गुंफत नाई. तो बोलावणाऱ्यानं आणाचा असते," मी म्हटलं. "तुमची मुंज तुमीच लावून घेतली होती काय?"

हसू थांबलं. सरोजिनीबाई खाली बघू लागल्या. तेवढ्यात कमलाकांत उठले, आपल्या गळ्यातला हार काढला आणि गोवर्धनच्या गळ्यात घालायला पुढे आले. त्यांच्या मनात वाईट नसेल. पण उतरलेला हार माणूस देवाच्या निर्माल्यात टाकतो, दुसऱ्या माणसाच्या गळ्यात घालत नाही. गोवर्धननं हात जोडून मान मागे घेतली.

"आता हेही चालत नाही?" चिंतामण वकील म्हणाले. आवाज चढला होता.

"हार राहू द्या साहेब," गोवर्धन म्हणाला. "मले वाचू द्या."

वकिलांनी घड्याळ पाहिलं. "अध्यक्षांना गाडी गाठायची आहे. पुढच्या वर्षी तुमचंच वाचन पहिलं. शब्द देतो."

रामरावांच्या कवितेला वेळ होता. माझ्या आईसाठी नव्हता.

बडनेऱ्याला अमरावतीच्या गाडीची वाट बघत आम्ही फलाटावर बसलो. माझ्या अंगाची लाही लाही होत होती.

"तू काहून नाई भांडला? मीच एकटी ओरडून राहिली होती."

"भांडून वाचलं असतं तं त्याईनं गोष्ट नसती ऐकली, बाई. माळ्याचा तमाशा पाह्यला असता."

"आता काय पाह्यलं मंग?"

त्यानं रिकामी टोपली पायानं बाकाखाली सरकवली. घरी आल्यावर त्यानं पहाटे वाचणं बंद केलं.

पुढच्या वर्षी मेळावा झालाच नाही. लढाई सुरू झाली होती, वकिलांनी तेच कारण सांगितलं. दिवाळीनंतर एक दिवस ते स्वतः टांगा करून मळ्यात आले. मी वांगी तोडत होते. बाजेवर बसून त्यांनी पिशवीतून कागद काढले.

"पुस्तक काढतोय. आजचे वऱ्हाडचे लेखक. प्रत्येकाचा परिचय, व्यवसाय आणि एक लेखन. तुमचा परिचय मीच लिहिलाय, ऐका. गोवर्धन किसनराव, व्यवसाय माळीकाम. अत्यंत विनयशील, प्रसिद्धीपासून दूर राहणारे..."

"ते काढा," गोवर्धन म्हणाला.

"काय?"

"विनयशील. मी विनयानं नवतो थांबलो. मले तुमी थांबवलं."

वकिलांनी त्या ओळीवर बोट ठेवलं. "बरं, काढतो. आईवरची ती गोष्ट द्या म्हणजे झालं."

"देतो. आधी ऐका. अर्धा घंटा लागन."

"मी घरी वाचीन ना शांतपणे. तीनची गाडी आहे मला."

"त्या दिवशी अध्यक्षाची गाडी होती, आज तुमची हाये." इतका चिडलेला मी त्याला कधी पाहिला नव्हता. धाप लागली होती तरी तो उभाच होता. "ऐकाची असन तं बसा. नाई तं राहू द्या."

"अहो, पुस्तकात नाव राहतं. कायमचं. भाषणं विरून जातात." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही तरी समजवा बाई."

"तुमची गाडी चुकन, वकीलसाहेब," मी म्हटलं.

ते गेले. टांगा रस्त्याला लागल्यावर गोवर्धननं घरातून कागद आणले आणि पुंजारामला कुंपणाजवळून हाक मारली. पुंजाराम आणि मी विहिरीजवळ मोटेच्या धावेवर बसलो आणि त्यानं सगळी गोष्ट वाचली. मध्ये दोनदा श्वासासाठी थांबला. संपल्यावर पुंजाराम म्हणाला, "मैनाबाई याहून कडक होती गा. मले एकडाव तराजूनं मारलं होतं."

"तो तराजू लिहाचा राह्यला," गोवर्धन म्हणाला आणि खूप दिवसांनी हसला.

पुस्तक होळीच्या सुमारास आलं. शकुनच्या सासऱ्यांनी अकोल्याहून आणलं, मी ते अक्षर अक्षर लावून वाचलं. वकील आहेत, बोलपटवाले आहेत, मुख्य बाई आहेत, दलाल आहेत. गोवर्धन नाही. प्रस्तावनेत लिहिलं आहे की काही लेखकांनी सहकार्य केलं नाही, त्यास संपादकाचा इलाज नव्हता. हे वाक्य मी आजवर पुष्कळदा वाचलं आहे आणि दर वेळी मला तेवढाच संताप येतो. सहकार्य त्यानं मागितलं होतं, अर्ध्या तासाचं.

ते पुस्तक त्याला दिसलं नाही. माझा भाऊ गोवर्धन एकोणीसशे चाळीसच्या फेब्रुवारीत निमोनियानं मळ्यातल्या घरी वारला.