नौबंधनाचे दगड

रेवुपेठेची पदयात्रा सकाळी सात वाजता गोऱ्या साहेबाच्या बंगल्यापासून निघते. बंदर म्हणावं असं गावात काही उरलेलं नाही. गोदावरीतून बोटी चालवण्याचं इंग्रजांचं स्वप्न खडकांनी दीडशे वर्षांपूर्वीच बुडवलं. तरीही गाव बंदर आहे, कारण मी तसं ग्रंथात लिहिलं, आणि पर्यटकांना बुडालेल्या गोष्टींची विशेष ओढ असते.

वाटाड्या निकेश तोच ग्रंथ हातात घेऊन पुढे चालत होता. बंगला, सागाची वखार, गोऱ्यांची दफनभूमी. मी सर्वांत मागे. ही वाट मी प्रथमच पायी तुडवत होतो. ग्रंथात ती मी पुण्याच्या एका दप्तरखान्यात बसून चाललो होतो.

मला बोलावलं होतं गावाबाहेरच्या वस्तीतल्या म्हाताऱ्या लालसूच्या नातीनं, करिश्मानं. तिचं पत्र दोन ओळींचं होतं : ‘आमचे दगड तुम्ही बोटी बांधायचे लिहिले. ते आमच्या मेलेल्यांचे आहेत.’

त्या दगडांपलीकडे लालसूची बारा घरांची माडिया आदिवासी वस्ती. वनहक्काचा दावा करताना त्यांच्यापाशी कागद नव्हते. जुन्या वस्तीचा पुरावा म्हणून त्यांनी पूर्वजांच्या नावानं रोवलेले हे दगड दाखवले. ‘सदर दगड नौबंधनाचे असल्याचे प्रकाशित ग्रंथावरून दिसते,’ असं लिहून समितीनं दावा फेटाळला. घरं उठवून तिथं वारसा-उद्यान व्हायचं होतं. आज अपिलाची स्थळपाहणी. अधिकारी पर्यटकांसोबतच चालत आले होते. त्यांना इतिहासाची आवड होती.

वस्तीपाशी निकेशनं पिशवीतून दोर काढला आणि छातीएवढ्या उंच दगडाला गुंडाळला. “या मॅडम, बोट बांधल्यासारखं धरा. मस्त फोटो येते.”

लालसू दारातून उठून आला. “बांध बाबू, घट्ट बांध. माह्या बापाले जितेपणी कोणी बांधू शकलं नाई.”

पर्यटक हसले. त्यांना तो विनोद वाटला.

मी पुढे झालो. अधिकाऱ्यांना म्हणालो, माझी चूक झाली. नदीचं पात्र इथून अर्ध्या कोसावर आहे आणि मध्ये चढ आहे. पुराचं पाणीसुद्धा इथवर येत नाही. कोणता नावाडी टेकडीवर बोट बांधेल? मी तिथंच कागद घेऊन दुरुस्ती लिहिली, सही केली.

त्यांनी तो कागद अदबीनं वाचला. “सर, आपल्याबद्दल आदर आहे. पण हे आपण आज लिहिताय. ग्रंथ दहा वर्षांपूर्वीचा. वाद उद्भवल्यानंतरचं लेखन समिती ग्राह्य धरत नाही.”

“मग माझ्यासोबत नदीपर्यंत चला. पायांना तरी ग्राह्य धरा.”

त्यांनी घड्याळ पाहिलं. “शेरा लिहून झालाय, सर.” गाडी आली. ते गेले.

लालसूनं सगळं ऐकलं होतं. “भाऊ, लिवलं तवा मले काऊन नाई इचारलं?”

“मी इथं आलोच नव्हतो.”

“मंग बरोबर हाय,” तो म्हणाला, घरात गेला आणि सब्बल, लोखंडी पहार, घेऊन आला. दोर सोडून त्यानं निकेशच्या अंगावर फेकला.

“लालसूभाऊ, काय करता?” निकेश म्हणाला.

“बापाले घेऊन चाललो. जंगलात कुठी तरी उभा करीन. इथी तुमचे लोक फोटो काढून राह्यले.”

मला ठाऊक होतं, ही माणसं एकदा रोवलेला दगड हलवत नाहीत. हलवला की मेलेला बेघर होतो. ग्रंथात तेही होतं, दुसऱ्या प्रकरणात, दुसऱ्या गावाबद्दल.

“जिल्ह्याला अजून एक अपील आहे. दगड निघाला तर दाखवायला काहीच राहणार नाही. थांबा.”

“कोण सांगून राह्यलं?”

सब्बल मुळाशी घुसली. करिश्मा आजोबाचा दंड धरून गोंडीत काहीतरी विनवत होती. मी दोन्ही हातांनी दगड दाबून धरला.

“सोडा भाऊ.”

मी सोडला नाही. त्यानं सब्बलीवर सगळा भार टाकला. माझ्या तळव्यांखाली दगड हलला.