मौनीबाबा आणि वाकडा दात

माझा मामा दात बनवतो. म्हणजे कवळ्या. दातांच्या डॉक्टरांकडून त्याच्याकडे प्लास्टरचे जबडे येतात आणि तो त्यांवर एकेक दात असा मापात बसवतो की घालणाऱ्यालाही आपले खरे कोणते ते आठवत नाही. त्याच्या कामाच्या खोलीत शिरलं की फळीवरचे पन्नासेक जबडे एकदम तुमच्याकडे बघून हसतात. लहानपणी मी तिथे जायला घाबरायचे. आता आत जाताना विचारते, "काय मंडळी, जेवलात का?"

मागची खोली मात्र खरी मजेची. तिथे मामाचा सिंथेसायझर आहे. काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचा नव्हे! लाकडी चौकटीत शेजारी शेजारी बसवलेल्या धातूच्या पट्ट्या, त्यांवर नॉब, भोकं आणि दिवे. एकेका पट्टीला मोड्यूल म्हणतात. एक मोड्यूल सूर काढतं, दुसरं त्या सुराला धार लावतं, तिसरं ठोका धरतं. आपण रंगीत वायरी खुपसून त्यांची एकमेकांशी ओळख करून द्यायची. ओळख चुकली की सगळी मिळून किंचाळतात, जमली की आपण किंचाळतो.

या बडबड्या खानदानात एक जण कधी बोललाच नव्हता. त्याचं नाव मामाने ठेवलं होतं मौनीबाबा. तो जुन्या टेपरेकॉर्डरसारखं काम करणारा मोड्यूल. आत खरी टेप नसते, नखाएवढं मेमरी कार्ड असतं. पण आवाज त्यात भरायचा, मग तो हळू करायचा, जोरात पळवायचा, उलटा फिरवायचा, तुकडे करून पुन्हा जोडायचे, एकावर एक चढवायचे. असं माहितीपत्रकात लिहिलं होतं. मामाने तो कुणाकडून तरी वापरलेला आणला त्या दिवसापासून बाबांनी तोंड उघडलं नव्हतं.

सोमवारी शाळेतून मी थेट तिथे गेले, तर मामा म्हणाला, "शनिवारी चार वाजता एक बाई येतायत. बाहुल्यांचे खेळ करतात. मौनीबाबाला घेऊन जातील."

"बंद पडलेला?"

"बंदच हवाय त्यांना. आतले भाग काढून दुसरं काहीतरी बनवणार आहेत."

आतले भाग काढणार! सहा महिने मी त्या मोड्यूलकडे दुकानाच्या काचेला नाक लावून उभं राहावं तशी बघत होते. हात लावायची मात्र हिंमत झाली नव्हती. पण ती मी जुनी. जुन्या मला वर्गात हजेरीला "हजर" म्हणायला इतका संकोच वाटायचा की बाईंनी दोनदा समोर बसलेली असताना गैरहजर मांडलं होतं. नववीच्या पहिल्याच दिवशी, काय अंगात संचारलं कुणास ठाऊक, मी "हजर!" असं ठणकावून ओरडले. अख्खा वर्ग हसला, मीही हसले, आणि तेव्हापासून माझं तोंड कुणाला बंद करता आलेलं नाही.

"मामा, मी दुरुस्त करते."

"तू? पुटपुट?" हे माझं टोपणनाव. कारण वर सांगितलंय.

"पुटपुट बदलून घे आता. शनिवारी त्या बाई यायच्या आत मी याला बोलतं केलं तर?"

मामाने हातातला जबडा खाली ठेवला. "तर तो तुझा. पण माझ्या कानांनी ऐकणार हं मी. मोबाइलवरचं काही चालणार नाही. मोबाइलवर काहीही वाजतं."

अशी पैज लागली. पाच दिवस, आणि रोज चार ते सहा एवढाच वेळ. नेमका तेव्हाच मामा कवळ्या पोचवायला दवाखान्यांत जातो आणि मी गेल्यावर परततो.

मी मौनीबाबांची पहिली तपासणी केली. पाच नॉब, प्रत्येकावर एक पांढरी रेघ, पाचही रेघा सरळ वर, प्रार्थनेला उभ्या असलेल्या मुलांसारख्या. मागची विजेची पट्टी नीट बसली होती. कार्ड नीट होतं. मग माईक लावला, रेकॉर्डचं बटण दाबलं आणि म्हटलं, "हजर!" लाल दिवा लागला! म्हणजे त्याला ऐकू येत होतं! वाजवायचं बटण दाबलं. शांतता. ऐकून घेतो, पण उत्तर देत नाही. आमच्या मुख्याध्यापकांसारखा.

माहितीपत्रक चाळीस पानांचं इंग्रजीत, आणि लिहिणाऱ्याला बहुतेक कवी व्हायचं होतं. "आवाजाच्या पेशी काळाच्या नदीत सोडा." अरे, पण बटण कुठलं दाबू ते सांग की! शिवाय ते मामाच्या टेबलावर पडलेलं असल्याने काही पानं प्लास्टरने चिकटली होती. ती मी ओलांडली.

मंगळवारी काहीच नाही. बुधवारी वैतागून मी सगळे नॉब वाटेल तसे फिरवले, दोन्ही हातांनी, भांडी घासावीत तसे. आणि एकदम खोलीभर माझाच आवाज! "हजर! हजर! हजर!" मी खुर्चीवरून उठून नाचले. एक नॉब फिरवला तर माझा आवाज एखाद्या राक्षसाचा झाला, दुसऱ्याने त्याचे तुकडे पडले, "ह ह ह जजज". कवळ्या घासायची मशीन चालू करून तिचा आवाजही त्यावर चढवला. एवढं सुंदर काही मी आयुष्यात ऐकलं नव्हतं, आणि ते मीच केलं होतं! टेबलावर चिठ्ठी ठेवली: "वाजला!!! बटण दाबून बघ."

गुरुवारी दारातच मामा म्हणाला, "कुठे वाजला? रात्री घरी आल्यावर लावून बघितला. मख्ख."

"शप्पथ मामा, काल बोलत होता!"

"बाबा फक्त तुझ्याशी बोलतात का मग? दर्शन देतात?"

तो गेल्यावर मी बटण दाबलं. खरंच मख्ख. पाऊण तास खटपट केली तेव्हा पुन्हा बोलला. यावेळी मी एकाही नॉबला हात न लावता पाय न वाजवता घरी गेले, झोपलेल्या बाळाच्या खोलीतून बाहेर पडावं तशी. शुक्रवारी पुन्हा मुका.

मी वहीत कारणं लिहायला लागले. वीज कमीजास्त होते? थंडीने आखडतो? घासायच्या मशीनची धूळ? कार्डावर राग? एकही पटेना. घरी येऊन जेवताना आईपुढे सगळं ओकले. आई नर्स आहे. पायातले मोजेही न काढता जेवायला बसली होती, इतकी दमली होती.

"संध्याकाळी बरा असतो आणि दुसऱ्या दिवशी बिघडतो?" तिने विचारलं.

"रोज!"

"मग त्याला काय झालंय ते नंतर बघ. आम्ही आधी विचारतो, मधल्या वेळात पेशंटजवळ कोण होतं."

"कुणी नाही गं. मामाच असतो फक्त."

"हं," आई म्हणाली, आणि डाळीत पोळी बुडवली.

मला तेव्हाही कळलं नाही. इतकी हुशार मी!

शनिवारी शाळा अर्धी. दीड वाजल्यापासून मी खटपटीला लागले आणि तीनच्या सुमाराला बाबा असे बोलायला लागले की थांबेचनात. मामा पुढच्या खोलीत घरघरत्या मशीनमध्ये प्लास्टर कालवत होता, बाबा त्याला ऐकूच जाईनात. जाऊन हाक मारली, तर म्हणाला, "हे घट्ट होईल, पाच मिनिटं थांब." मी बटण दाबून बाबांना थांबवलं आणि तेवढ्यात खाली पळाले, तहानेने जीव जात होता, कोपऱ्यावरून सरबताची बाटली आणली. जिने चढून वर येते तर खोलीत बाई बसलेल्या! चारच्या आधीच. डोक्यावर सायकलचं हेल्मेट, मांडीवर पिशवी, पिशवीतून एका लाकडी बाहुलीचे पाय बाहेर लटकलेले.

"हीच आमची दुरुस्तीवाली," मामा म्हणाला. "बोल, वाजव."

मी ऐटीत बटण दाबलं.

शांतता. दारातून दिसणाऱ्या फळीवरचे पन्नास जबडे माझ्याकडे बघून हसत होते.

"असू दे गं," बाहुलीवाल्या काकू मऊ आवाजात म्हणाल्या. "बिघडलेलाच घ्यायला आलेय मी."

त्यांनी पिशवी उघडली. मला रडू यायला लागलं होतं, पण तेवढ्यात आईचं बोलणं आठवलं. मधल्या वेळात पेशंटजवळ कोण होतं?

मी मोड्यूलकडे बघितलं. मग फळीवरच्या जबड्यांकडे. पुन्हा मोड्यूलकडे. पाच नॉब, पाच पांढऱ्या रेघा, सगळ्या सरळ वर. एक केस इकडचा तिकडे नाही.

"मामा, तू याला हात लावलास?"

"छे. पुसला फक्त. पाहुण्यांसमोर जरा बरा दिसायला नको?"

"आणि?"

"आणि काय? नॉब कुठे कसे कुठे कसे फिरलेले होते. ते सरळ केले."

"बुधवारी? रात्री? माझी चिठ्ठी वाचल्यावर?"

"आधी पुसला, मग बटण दाबलं. धुळीच्या वस्तूला मी हात लावत नाही, माहितीये तुला."

"आणि आणलास त्या दिवशी?"

"तेव्हाही आधी पुसलाच," म्हणत मामाने कपाळावर हात मारला. ज्या माणसाला वाकडा ठेवलेला चमचा बघून झोप येत नाही, तो सहा महिने रोज बाबांचं तोंड स्वतःच्या हाताने बंद करत होता!

आता मात्र मी भांडी घासल्यासारखं केलं नाही. एका वेळी एकच नॉब. पहिला उजवीकडे, काही नाही, परत जागेवर. दुसरा, काही नाही. तिसरा. चौथा फिरवला आणि खालून कुठूनतरी, विहिरीच्या तळातून यावा तसा आवाज उठला. "हूऽऽऽऽ..." आणखी थोडा फिरवला. "हऽजऽर." आणखी. "हजर!" मग सावकाश उलट फिरवत आणला. आवाज जड होत होत पार मधोमध थांबला. डावीकडे नेला तर तोच शब्द शेपटाकडून सुरू झाला, "रजह, रजह"!

"हा वेगाचा नॉब!" मी ओरडले. "उजवीकडे पुढे, डावीकडे मागे, आणि सरळ वर म्हणजे थांबा! तू त्याला रोज थांबवत होतास, मामा!"

काकू इतक्या हसल्या की त्यांचं हेल्मेट डोळ्यांवर आलं. मामाने माहितीपत्रक उचललं, कवळीचं मेण कापायच्या सुरीने चिकटलेली पानं सोडवली. चौथ्या पानावर, चौकटीत, ठळक अक्षरांत तेच लिहिलं होतं. वर प्लास्टरचा थेंब होता. मामाचाच.

"काकू," मी घाबरत विचारलं, "तुम्ही आता..."

"चालत्या माणसाचे अवयव काढतात का कुणी?" त्या म्हणाल्या. "बघेन मी दुसरा. पण याच्यात माझाही आवाज भर ना एकदा." आणि त्यांनी बाहुली बाहेर काढली, तिचा जबडा दोरीने हलवत बारीक आवाजात म्हणाल्या, "हजर!"

मी तो माझ्या आवाजावर चढवला. मग मामाकडे माईक धरला. तो लाजला, खरंच लाजला, कानापर्यंत लाल झाला आणि पुटपुटला, "हजर."

"गैरहजर मांडीन," मी म्हटलं. "मोठ्याने!"

"हजर!!"

तिघांचे आवाज एकमेकांत गुंतून खोलीभर फिरायला लागले. मामा डोळे मिटून ऐकत राहिला, बाहेर प्लास्टर दगड झालं तरी.

मौनीबाबा आता माझ्या टेबलावर आहेत. मामाने त्यांच्या वेगाच्या नॉबवर एक टोपी बनवून बसवली, कवळीच्या गुलाबी हिरडीची, वर एक पांढरा दात. दात मुद्दाम कलता बसवलाय, म्हणजे कुणी तो सरळ केला तरी नॉब हमखास उजवीकडे वळलेला असतो आणि बाबा बोलतच राहतात. हे करायला त्याला तीन दिवस लागले. आई म्हणते दर वेळी त्याचा हात आपोआप दात सरळ बसवायचा, आणि मग तो तोंडातल्या तोंडात पुटपुटत पुन्हा काढायचा.